डोंबिवलीतील मतदानाची रांग: २० मे २०२४

२० मे २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर, नाशिक, दिंडोरी आणि धुळे या पट्ट्यातील तेरा मतदारसंघांत मतदान झाले. त्या दिवशी मुंबई आणि ठाणे परिसरातील अनेक केंद्रांबाहेर लागलेल्या रांगा लोकांच्या अजूनही लक्षात आहेत. मी कल्याण मतदारसंघातील डोंबिवलीची मतदार आहे आणि त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंतचा बराचसा वेळ मी अशाच एका रांगेत काढला. रांगेत माणसांचा उत्साह कशाने टिकतो आणि कशाने मावळतो, हे मला त्या दिवशी फार जवळून पाहायला मिळाले. कंटाळून घरी परतणारा प्रत्येक माणूस म्हणजे न पडलेले एक मत असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवावा असे वाटले.

रांगा लागण्यामागचा हिशेब आधी सांगते, कारण तो कळला की निम्मी चिडचिड कमी होते. त्या वेळी एका मतदान केंद्रावर साधारणपणे १,५०० पर्यंत मतदार असत. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणजे ६६० मिनिटे चालते. यादीतील निम्मेच लोक आले असे धरले, तरी एका मतदाराच्या वाट्याला जेमतेम बावन्न-त्रेपन्न सेकंद येतात. तेवढ्या वेळात पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र पाहून यादीत नाव शोधतो आणि ते मोठ्याने वाचतो, म्हणजे तेथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही आपल्या यादीत खूण करता येते. दुसरा अधिकारी नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि डाव्या तर्जनीवर शाई लावून चिठ्ठी देतो. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन यंत्राचे बटण दाबतो, तेव्हा कुठे आडोशामागचे यंत्र एका मतासाठी खुले होते. मत दिल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खाली पडते. आमच्या मतदारसंघात पंधराहून अधिक उमेदवार असल्यामुळे दोन बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांची नावे आणि बटणे असलेली यंत्रे, शेजारी शेजारी मांडलेली होती, आणि वयस्कर मतदारांना दोन्हींवर नजर फिरवून आपले चिन्ह शोधायला वेळ लागत होता. त्यातच मे महिन्याचा दमट उकाडा होता. उन्हे तापण्यापूर्वी मत देऊन मोकळे व्हावे असा विचार सगळ्यांनीच केला होता, त्यामुळे सकाळच्या तीन-चार तासांत अर्ध्या वस्तीने एकाच वेळी गर्दी केली.

माझ्यासोबत माझ्या सासूबाई होत्या. घरून मतदान करण्याची सोय त्या निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी होती. आई अजून ऐंशीच्याही झालेल्या नाहीत, आणि ती सोय मिळाली असती तरी त्यांनी घेतली नसती. "घरी बसून कसलं मतदान? चार माणसांत जाऊन करायचं असतं ते," असे त्या आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या. आमची मतदार ओळखपत्रे आणि यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहिलेली मतदार चिठ्ठी मी एका पाकिटात घातली. पाण्याच्या दोन बाटल्या, थर्मासमध्ये कोकम सरबत, राजगिऱ्याचे लाडू, आईंची दुपारची गोळी आणि घडीचे एक छोटे स्टूल घेतले. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मोबाइल नेता येत नसल्यामुळे फोन घरीच ठेवले. मोबाइलमधील आधार कार्ड दाखवू म्हणून आलेल्या कितीतरी जणांना त्या सकाळी फाटकावरूनच माघारी फिरावे लागले. छापील ओळखपत्र सोबत असेल तर हा हेलपाटा वाचतो, एवढे येथे नोंदवून ठेवते.

मोबाइल नसल्यामुळे रांगेचे स्वरूपच बदलून गेले होते. एरवी बँकेत किंवा दवाखान्यात आपण शेजारच्या माणसाकडे न पाहता तासभर सहज काढतो. येथे हात रिकामे होते आणि समोर माणसेच माणसे होती. पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे अवघडून उभे होते. मग कोणीतरी विचारले, "तुमची खोली कितवी?" आणि त्या एका प्रश्नाने रांग बोलती झाली. आमच्या शाळेत एकाच इमारतीत अनेक केंद्रे होती आणि प्रत्येक खोलीची रांग वेगळी होती, पण मैदानात त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. चौकशी केल्यावर कळले की आमच्या पुढचे एक वयस्कर जोडपे बराच वेळ भलत्याच खोलीच्या रांगेत उभे होते. ते कळताच आमच्या मागच्या एका तरुण मुलीने रांगेच्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकाची चिठ्ठी पाहण्याचे काम अंगावर घेतले. ती पहिल्यांदाच मतदान करणार होती आणि सकाळपासून थोडी बावरलेली दिसत होती. हातात काम आल्यावर तिचा चेहरा खुलला. "काकू, तुमचा भाग क्रमांक सांगता का?" असे विचारत ती फिरू लागली आणि तिच्यामुळे निदान सहा-सात माणसे आपापल्या योग्य रांगेत जाऊन उभी राहिली. त्या योग्य रांगांतल्या लोकांनीही, "हे इतका वेळ तिकडे उभे होते," असे ऐकल्यावर त्यांना मध्ये जागा दिली. मला याचे मनापासून कौतुक वाटले, कारण उन्हात तासभर उभ्या असलेल्या माणसाने कोणाला पुढे घेणे ही साधी गोष्ट नाही.

रांगेत धीर केव्हा सुटतो, याचा उलगडा मला त्यानंतरच्या तासाभरात झाला. उभे राहण्याचा शीण असतोच, पण आणखी किती वेळ उभे राहायचे हे कळत नाही तेव्हा माणूस खऱ्या अर्थाने हताश होतो. आमच्या रांगेत एक सेवानिवृत्त गृहस्थ होते, दर आषाढीला पंढरपूरला जाणारे. दर्शनबारीत रात्र रात्र उभे राहण्याची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "बारीत आम्ही पुढं किती माणसं आहेत ते कधी बघत नाही. तास झाला की किती सरकलो तेवढं बघतो." मग त्यांनीच आमच्याकडून मोजदाद करवून घेतली. उंच असलेल्या एका मुलाने आमच्या खोलीच्या दाराकडे लक्ष ठेवायचे आणि बोटाला शाई लावून किती जण बाहेर पडले ते मोजायचे. घड्याळ माझ्या हातात होते. पाव तासात बारा जण बाहेर आले. बायकांची आणि पुरुषांची रांग मिळून आमच्या पुढे साठेक माणसे होती, म्हणजे सव्वा तास लागणार होता. हा आकडा आम्ही मागे कळवला आणि तो तोंडातोंडी शेवटच्या माणसापर्यंत गेला. सव्वा तास हा काही थोडका वेळ नव्हता, तरीही आकडा कळल्यावर लोकांचे खांदे सैल झाल्यासारखे दिसले. कोणी झाडाच्या सावलीत जाऊन बसले, कोणी लहान मुलाला घरी सोडून आले, तर एका बाईंनी घरी जाऊन कुकर लावला आणि त्या वेळेत परत आल्या. त्यांचा नंबर त्यांच्या मागच्या बाईंनी धरून ठेवला होता. त्यानंतर दर अर्ध्या तासाने मोजदाद नव्याने होत राहिली आणि आकडा मागे जात राहिला.

त्याच गृहस्थांनी उभे राहण्याची रीतही शिकवली. गुडघे ताठ ठेवू नयेत, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत राहावे, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे आणि अधूनमधून टाचा उचलाव्यात. शाळेने मैदानात पाण्याचे माठ ठेवले होते, पण ते रांगेपासून दूर होते आणि पाण्यासाठी गेलो तर जागा जाईल या भीतीने पुष्कळ जण तहानलेलेच उभे होते. तेव्हा दोन मुलांनी रिकाम्या बाटल्या गोळा करून भरून आणायला सुरुवात केली. आईंचे स्टूलही लवकरच एकट्या आईंचे राहिले नाही. थोडा वेळ त्या बसत, थोडा वेळ मागच्या गरोदर सूनबाई बसत, मग पायाला पट्टी बांधलेले एक काका बसत. त्या सूनबाईंना पोलीस शिपायाने पाहिले आणि थेट पुढे पाठवले. गरोदर स्त्रिया, कडेवर मूल असलेल्या माता, अपंग आणि फार वयस्कर मतदार यांना रांगेत न थांबवता प्राधान्य दिले जाते, पण गर्दीत ते कोणाच्या लक्षात आणून द्यावे लागते. आईंनाही पुढे जाण्यास सुचवण्यात आले. "मला स्टूल आहे, ज्यांना नाही त्यांना सोडा," असे म्हणून त्या बसून राहिल्या.

वेळ घालवण्यासाठी काय केले, हे सांगण्याजोगे आहे. एका आजोबांच्या पिशवीत त्या दिवशीचे वर्तमानपत्र होते. त्यातील शब्दकोड्याचे पान त्यांनी बाहेर काढले, पण पाठीमागे निवडणुकीची जाहिरात आहे हे लक्षात येताच त्यांनी पानाची घडी अशी घातली की फक्त कोडेच दिसावे. केंद्राच्या आवारात कोणत्याही उमेदवाराचे नाव कोणाच्या डोळ्यांसमोर येऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. मग 'आडवे शब्द' वाचून दाखवायचे आणि रांगेने उत्तरे द्यायची, असा क्रम सुरू झाला. चार अक्षरी शब्दासाठी पुढच्या दहा आणि मागच्या दहा माणसांत चर्चा व्हायची. मुलांसाठी एका शिक्षिकेने नाव-गाव-फळ-फूल घेतले. गाण्यांच्या भेंड्या लावाव्यात अशीही सूचना आली, पण आत नावे पुकारली जात असताना बाहेर गोंगाट करणे बरे नव्हे म्हणून आम्हीच ती बाजूला ठेवली.

सर्वांत नाजूक विषय राजकारणाचा होता. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करण्यास कायद्याने मनाई आहे, परंतु शेकडो माणसे निवडणुकीसाठीच जमलेली असताना तो विषय निघू न देणे सोपे नसते. एका तरुणाने मोठ्या आवाजात एका नेत्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर आले. क्षणभर हवा तापली. तेव्हा त्या वारकरी गृहस्थांनी दोघांनाही हात जोडले आणि म्हणाले, "माउली, ते आत बटणावर बोला. इथं सगळे शेजारी आहोत." दोघेही थांबले. रांगेचे वातावरण चांगले राहिले ते मला वाटते बरेचसे या संयमामुळे, कारण शेजारच्या माणसाने कोणाला मत द्यायचे ठरवले आहे हे ठाऊक नसले की त्याला पाणी देताना मनात काही येत नाही. खाण्यापिण्याबाबतही आम्ही हेच पथ्य पाळले. कोणत्याही पक्षाच्या माणसाकडून काही घ्यायचे नाही, जे काही वाटायचे ते आपापल्या पिशवीतले, असे आपोआप ठरून गेले होते.

संध्याकाळी अमेरिकेत अटलांटाला असणाऱ्या माझ्या भाच्याशी बोलणे झाले, तेव्हा त्याने सांगितलेली गोष्ट मला येथे नोंदवावीशी वाटते. २०२० साली ऑक्टोबरमध्ये जॉर्जिया राज्यात मुदतपूर्व, म्हणजे मतदानाच्या मुख्य दिवसाआधीचे, मतदान सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी तेथे कित्येक तासांच्या रांगा लागल्या होत्या. 'पिझ्झा टू द पोल्स' या २०१६ पासून काम करणाऱ्या उपक्रमाने आणि इतर स्वयंसेवकांनी अशा रांगांत खाणे आणि पाणी वाटले होते. पुढे २०२१ मध्ये त्या राज्याने कायदा करून मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत मतदारांना खाण्यापिण्याच्या वस्तू देण्यास मनाई केली. खाऊच्या आडून प्रचार होऊ नये ही चिंता मला समजते, कारण आमच्या रांगेतही ती होतीच. तरी तहानलेल्या माणसाला अनोळखी माणसाने दिलेले पाणी त्या मनाईत सापडावे, हे मला पटत नाही. सरकारी पाणी प्रत्येक रांगेच्या हाताशी असेल तर अशा कायद्याची वेळच येणार नाही.

आमचा हिशेब साडेअकराच्या सुमारास कोलमडला. रांग जागच्या जागी थांबली आणि पाव तासात दारातून कोणीच बाहेर आले नाही. मग वावड्या उठू लागल्या. "मशीन गेलं, आता आज काही होत नाही," असे कोणी म्हणाले, "सगळी मतं पुसली गेली," असेही कोणी म्हणाले. माणसे भराभर रांग सोडू लागली. मी दारावरच्या शिपायाला विनंती केली की केंद्राध्यक्षांनी दोन मिनिटे बाहेर येऊन काय झाले ते सांगावे. ते कामात बुडालेले असूनही आले. त्यांनी स्पष्ट सांगितले की यंत्रात बिघाड झाल्यामुळे संपूर्ण संच बदलावा लागत आहे, आधी नोंदलेली मते जुन्या यंत्रात सुरक्षित आहेत, आणि नवे यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराला आणि 'नोटा'ला (यांपैकी कोणीही नाही या पर्यायाला) एकेक चाचणी मत देऊन, ते प्रतिनिधींना दाखवून पुसावे लागते. त्याला निदान अर्धा तास लागेल. उमेदवारांची संख्या पाहता अर्धा तास का लागतो, हे सगळ्यांनाच उमगले. त्यांचे बोलणे मिनिटभराचेच होते, पण त्या मिनिटभराने आमच्या शब्दकोड्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे रांगेत टिकवली.

तरीही काही जणांना जावेच लागले. कोणाची दुपारची पाळी होती, कोणाच्या घरी आजारी माणूस होते. त्यांना थांबण्याचा आग्रह करण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी आम्ही त्यांना एक नियम सांगत राहिलो: संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जो रांगेत उभा असेल, त्याला मतदान करू दिलेच पाहिजे, मग कितीही वाजोत. पुष्कळांना हा नियम माहीत नव्हता. सहापूर्वी आत गेलो नाही तर संपले, असा त्यांचा समज होता. "साडेपाचपर्यंत तरी या," असे म्हणून आम्ही प्रत्येकाला निरोप दिला.

ज्या एका प्रसंगापुढे आमचे सगळे उपाय थिटे पडले, तो लिहिल्यावाचून हे कथन अपुरे राहील. आमच्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ आत गेले आणि शाई न लावताच बाहेर आले. त्याच घरात वर्षानुवर्षे राहूनही त्यांचे नाव यादीत सापडले नव्हते. त्यांच्या पत्नीचे नाव होते, मुलाचे होते, त्यांचे तेवढे नव्हते. ओळखपत्र हातात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि नाव नोंदवण्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते. सकाळपासून ते सर्वांना पाणी आणून देत होते. त्यांना काय म्हणावे हे कोणालाच सुचले नाही. आईंनी त्यांना जवळ बसवून घेतले आणि थोडा वेळ दोघेही काही न बोलता बसले. निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी प्रत्येकाने यादीत आपले नाव तपासावे, १९५० या क्रमांकावर किंवा केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे चौकशी करावी, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असते.

आमचे मतदान दुपारी पार पडले. आईंनी आडोशामागे सावकाश दोन्ही यंत्रे पाहिली, आवाज होईपर्यंत बटण दाबून धरले आणि काचेमागची चिठ्ठी खाली पडेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या पहिल्यांदाच मत देणाऱ्या मुलीचे नाव पुकारले गेले, तेव्हा बाहेरच्या रांगेने हळूच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी साडेपाचला मी सोसायटीतील राहिलेल्या तिघांना घेऊन पुन्हा शाळेपर्यंत गेले आणि त्यांना आत सोडून फाटकाबाहेर थांबले. सकाळी निघून गेलेल्यांपैकी बरेच चेहरे परत आलेले दिसले. सहा वाजता फाटक बंद झाले आणि केंद्राध्यक्षांच्या सहीच्या क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटण्यास सुरुवात झाली. त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत नेतात, म्हणजे नंतर कोणाला मागे येऊन उभे राहता येत नाही. हातात चिठ्ठी आली की आपले मत पक्के झाले, हे लोकांना कळत होते आणि सकाळपेक्षा ती रांग कितीतरी निवांत होती.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा परिस्थिती बरीच सुधारली होती. हवा सौम्य होती, आमच्या केंद्राबाहेर बसण्यासाठी बाके होती, खोल्यांचे क्रमांक फाटकावरच मोठ्या अक्षरांत लावले होते आणि राज्यातील मतदानही सुमारे ६६ टक्क्यांपर्यंत गेले. २०२५ मध्ये एका केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या १,२०० करण्याचा आणि केंद्राबाहेर मोबाइल ठेवण्याची सोय करण्याचा निर्णय झाला. आमच्या सोसायटीनेही २०२४ च्या त्या मे महिन्यानंतर आपली व्यवस्था लावली आहे. नावे तपासण्याचे काम दोन महिने आधी दोघांकडे दिलेले असते, वयस्करांना दहाच्या सुमारास नेण्यासाठी दोन गाड्या ठरलेल्या असतात, आणि इमारतीच्या फलकावर प्रत्येक घराचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि खोली क्रमांक लिहिला जातो. नोव्हेंबरमध्ये त्या फलकावरची अक्षरे त्याच पहिल्यांदा मत दिलेल्या मुलीने लिहिली होती. ती आमच्या मागच्या इमारतीत राहते, हे मला मे महिन्यातल्या त्या रांगेत उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हते.